गोळा कशाचा?

मराठी माणूस मनाचं दुखणं सांगायला लागला की त्याच्या तोंडी शरीर येतं, घर येतं, स्वयंपाकघर येतं. पोटात गोळा येतो, छातीवर दगड बसतो, जीव टांगणीला लागतो, काळजाला घरं पडतात, डोक्याचा भुगा होतो. मग कधी तरी जीव भांड्यात पडतो. ही भाषा शाळेची पायरी न चढलेल्या आजीकडे असते आणि सॉफ्टवेअर कंपनीत रात्रपाळी करणाऱ्या तिच्या नातवाकडेही असते. नैराश्य, चिंताविकार हे शब्द फायलीत लिहिले जातात. दवाखान्याच्या बाकावर मात्र गोळा, दगड, भुगा आणि त्यांच्या जोडीला आता 'टेन्शन', एवढंच ऐकू येतं.

समुपदेशनाचं काम करताना मला या भाषेचा आधार वाटतो आणि धाकही वाटतो. आधार यासाठी, की जे सांगता येत नाही तेही तिच्यातून सांगून होतं. धाक यासाठी, की ही चित्रं इतकी वापरातली आहेत की कानावर पडताक्षणी ती आपल्याला कळली असं वाटतं. समोरचा 'छातीवर दगड' म्हणाला की ऐकणाऱ्याच्या मनात एक दगड तयार होतो. काळा, जड, वरून कुणी तरी ठेवलेला. मग आपण आपल्याच दगडाशी बोलायला लागतो. 'हा दगड कसा उतरवायचा ते बघू या,' असं सहज तोंडून जातं. दगड उतरवायचाय, असं समोरचा म्हणालेलाच नसतो. त्याचा दगड नदीतला गुळगुळीत असेल, घराच्या पायातला असेल, किंवा तोच छातीवर आहे म्हणून हा माणूस जागेवर टिकून असेल. विचारल्याशिवाय यातलं काहीच कळायचं नाही. आणि विचारायचं कसं, हा या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे असं मला वाटतं.

प्रश्नाला आपण निरुपद्रवी समजतो. उत्तरात मत असतं, सल्ल्यात आग्रह असतो. प्रश्नानं बिचाऱ्यानं कुणाचं काय बिघडवलंय? पण प्रश्नही स्वतःबरोबर सामान घेऊन येतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मानसशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. त्यांनी 45 विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता, असं विचारलं. प्रश्न सगळ्यांना एकच होता, फक्त क्रियापद वेगवेगळं होतं. गाड्या 'एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा' असं ज्यांना विचारलं, त्यांचा अंदाज सरासरी ताशी 40 मैलांच्या वर आला. 'एकमेकींना लागल्या तेव्हा' असं ज्यांना विचारलं, त्यांचा आला 31.8. दुसऱ्या एका प्रयोगात फीत पाहिल्यावर आठवड्याभरानं लोकांना विचारलं, की तुम्हाला फुटलेली काच दिसली होती का? फितीत फुटलेली काच कुठेही नव्हती. तरी 'जोरात आदळल्या' हे शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांना ती आठवली. सौम्य क्रियापद ऐकलेल्या 50 जणांत असे सातच निघाले.

पडद्यावरच्या अपघाताच्या बाबतीत हे होत असेल, तर स्वतःच्या दुःखाविषयी आधीच गोंधळलेल्या माणसाचं काय होत असेल? 'तुम्हाला राग नेमका कुणाचा येतो?' या प्रश्नात राग गृहीत धरलेला आहे. 'तुम्ही हे किती दिवस आत दाबून ठेवलंय?' या प्रश्नात दाबणं आहे, आत आहे आणि दाबणं वाईट असा निकालही आहे. समोर बसलेला माणूस आपल्याकडे मदत मागायला आलेला असतो. आपण शिकलेले, खुर्चीत बसलेले. तो बहुतेक वेळा आपलं म्हणणं मान्य करतो आणि घरी जाताना स्वतःच्या दुःखाबरोबर आपण दिलेली फुटकी काचही घेऊन जातो.

डेव्हिड ग्रोव्ह या थेरपिस्टला 1980च्या दशकात हेच खटकलं. ग्रोव्ह मूळचा न्यूझीलंडचा, काही अंशी माओरी वंशाचा. 1950 साली जन्मला, 2008 साली गेला. तो अत्याचार आणि आघात सोसलेल्या माणसांबरोबर काम करत असे. त्याच्या लक्षात आलं, की त्याच्याकडे येणारी बरीच माणसं आपल्या वेदनेचं वर्णन आधीच्या थेरपिस्टच्या शब्दांत करतात. रूपकंसुद्धा त्या थेरपिस्टकडून आलेली. स्वतःच्या अनुभवातून उगवलेली चित्रं त्याखाली दबून गेलेली. तेव्हा त्यानं स्वतःच्या बोलण्यातून स्वतःचं म्हणून जे काही असेल ते एकेक करून काढायला सुरुवात केली. आपलं विशेषण नको, अर्थ लावणं नको, सहानुभूतीनं केलेला सारांशही नको. माणूस जो शब्द वापरेल तोच जसाच्या तसा उचलायचा आणि त्याला अगदी कमी सामान असलेला एखादा प्रश्न जोडायचा. या पद्धतीला 'क्लीन लँग्वेज' असं नाव पडलं. 1989 साली आघातांच्या आठवणींवरचं त्याचं पुस्तक एका सहलेखकाबरोबर प्रसिद्ध झालं. पुढे इंग्लंडमधल्या जेम्स लॉली आणि पेनी टॉम्पकिन्स या जोडप्यानं त्याच्या कामाचा बारकाईनं अभ्यास करून त्याची नीट मांडणी केली आणि 2000 साली 'मेटाफर्स इन माइंड' हे पुस्तक लिहिलं. तिथून ही पद्धत थेरपीबाहेर कोचिंगमध्ये, संशोधनासाठी घेतल्या जाणाऱ्या मुलाखतींमध्ये आणि वर्गांमध्येही पोचली.

मूळ प्रश्न डझनभरच आहेत, आणि बोलीतल्या मराठीत ते अगदी साधे होतात. आणि तो कुठे आहे? आणि तो कशा प्रकारचा? आणि त्याबद्दल आणखी काही? आणि ते कशासारखं आहे? आणि मग काय होतं? आणि त्याच्या लगेच आधी काय होतं? आणि ते कुठून आलं असेल? आणि काय व्हावं असं तुम्हाला वाटतं? प्रत्येक प्रश्नाच्या सुरुवातीला 'आणि' असतं. त्या 'आणि'मुळे प्रश्न बाहेरून येऊन आदळत नाही, माणसाच्या स्वतःच्या वाक्याला पुढे जोडला जातो. आवाज सावकाश ठेवायचा. माणूस बोलताना जिकडे बघतो, जिथे हात नेतो, तिकडे लक्ष द्यायचं. त्याची नजर आपल्याकडे नसेल, तर आपण ती आपल्याकडे ओढून घ्यायची नाही.

एका बाईंची गोष्ट सांगते. तपशील बदलले आहेत, आणि एकीच्या गोष्टीत दुसरीचीही थोडी मिसळली आहे. वय पन्नाशीच्या पुढचं. पोटाची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे खूप फेऱ्या झालेल्या. सोनोग्राफी झाली, दुर्बिणीतून तपासणी झाली, सगळं नॉर्मल. शेवटी डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवलं, याचाच त्यांना थोडा अपमान वाटत होता.

"पोटात गोळा येतो," त्या म्हणाल्या.

"आणि गोळा येतो, तेव्हा पोटात नेमका कुठे असतो?"

हात पोटावर गेला नाही. बरगड्यांच्या खाली, जरा डावीकडे गेला. "इथं."

"आणि इथं आहे तो गोळा कशा प्रकारचा?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेला नव्हता. दुखतो का, जळजळतो का, जेवणाआधी येतो की नंतर, हे सगळं विचारून झालं होतं. त्या बराच वेळ खिडकीखालच्या फरशीकडे बघत राहिल्या.

"कणकेचा," म्हणाल्या. "मळून ठेवलेली असते ना, तशी."

"आणि मळून ठेवलेली कणीक. आणि त्या कणकेबद्दल आणखी काही?"

"झाकायची राहिलीय. वरून पापुद्रा धरलाय. आतून मऊच आहे अजून."

"आणि वरून पापुद्रा, आणि आतून मऊच आहे अजून. आणि मग काय होतं?"

"काय होणार? पडून राहते. सगळे जेवून गेलेत. आता कुणासाठी लाटायच्या पोळ्या?"

"आणि सगळे जेवून गेलेत, आणि कणीक पडून आहे. तेव्हा काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मला एवढीही अक्कल नाही. "पाण्याचा हात लावून परत मळायला हवी. एवढ्यात काय टाकून द्यायची?"

हे मी आजवर पुष्कळदा आठवलं आहे. गोळा म्हटलं की तो विरघळायला हवा, निघून जायला हवा, असं आपण सगळेच धरून चालतो. त्यांना मिळालेली औषधंही त्याच हेतूनं दिलेली होती. पण त्या गोळ्याच्या मालकिणीला तो घालवायचा नव्हता. तिला तो परत मळायचा होता. 'सगळे जेवून गेलेत' या एका वाक्यात मुलांची लग्नं होती, परगावच्या नोकऱ्या होत्या, रिकामं घर होतं. मी त्यातलं काहीही बोलून दाखवलं नाही. 'म्हणजे तुम्हाला एकटं वाटतंय' असं म्हटलं असतं तर ते चुकीचं ठरलं नसतं. पण मग त्या एकटेपणाविषयी बोलू लागल्या असत्या. एकटेपणावर काय करावं, याचे आजूबाजूच्यांनी दिलेले सल्ले त्यांना पाठ होते. शिळ्या पडू लागलेल्या कणकेचं काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. चाळीस वर्षं त्या हातांनी तेच केलं होतं.

पुढच्या भेटींमध्ये पाण्याचा हात कुठून येईल, मळणारे हात कुणाचे, यावर आम्ही बोलत राहिलो. पोटातलं ओढल्यासारखं वाटणं एका दिवसात गेलं नाही. पण त्या त्याच्याकडे तक्रारीच्या सुरात पाहीनाशा झाल्या. वरच्या खोलीत चादरीखाली झाकून ठेवलेलं शिलाई मशीन त्यांनी भाच्याकडून खाली आणवून घेतलं. मशीनविषयी आमच्या बोलण्यात एक अक्षरही आलेलं नव्हतं.

यात काय घडतं, याचा मी जेवढा विचार केला आहे त्यावरून मला असं दिसतं. आपण रोजच्या वापरातलं चित्र बोलतो तेव्हा ते आपल्याला दिसत नाही. जीभ ते आपोआप उच्चारते. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी 1980 साली हे ठामपणे मांडलं, की रूपक हा बोलण्यावरचा दागिना नव्हे, आपला विचारच रूपकांतून चालतो. वादाला आपण लढाई समजतो, म्हणून मुद्द्यांवर 'हल्ला' चढवतो आणि बाजू 'राखतो'. असं चित्र आतून काम करत राहतं आणि नजरेला पडत नाही. कुणी तरी आपलाच शब्द आपल्याला परत दिला, त्यात काही घातलं नाही, काही काढलं नाही आणि फक्त 'कशा प्रकारचा' एवढं विचारलं, की ते चित्र पहिल्यांदा पाहिलं जातं. सगळ्यांचा असलेला गोळा एका माणसाचा होतो. त्याला जागा मिळते, आकार मिळतो, आधीचं काही मिळतं, पुढचं काही मिळतं. ऐकणाऱ्यानं शब्द बदलले असते, तर बोलणाऱ्याला आधी ते नवे शब्द आपल्या अनुभवाशी ताडून बघावे लागले असते. त्या खटाटोपात नजर आतून बाहेर आली असती.

हा प्रश्न पूर्ण तटस्थ असतो, असं मात्र मी म्हणणार नाही. माणूस दहा शब्द बोलतो आणि मी त्यातला एक उचलते, तिथेच माझी निवड आली. मी कणकेविषयी विचारलं. 'अजून' या शब्दाविषयी विचारलं असतं तर वाट दुसरीकडे वळली असती. माझी मान हलणं, वहीत लिहायला लागणं, एखाद्या उत्तरानंतर चेहरा उजळणं, हे सगळं समोरच्याला दिसत असतं. ज्यांच्या उत्तराची आयुष्यभर कुणी वाटच पाहिलेली नाही, त्या माणसांना ते जास्तच दिसतं. म्हणून तटस्थपणा ही एकदा कमावून ठेवायची वस्तू नाही. दर प्रश्नाला तो नव्यानं सांभाळावा लागतो. मला जे कळलंय असं वाटतं, ते मी बाजूला ठेवू शकते का, एवढीच त्याची परीक्षा.

या परीक्षेची गरज मला सगळ्यात जास्त जाणवली ती कर्करोग झालेल्या माणसांच्या घरांत. तिथे चित्र आधीच ठरलेलं असतं: लढाई. 'तू योद्धा आहेस', 'हरायचं नाही', आणि माणूस गेल्यावर 'झुंज संपली'. सुझन सोंटागनं स्वतः कर्करोगाच्या उपचारांतून गेल्यावर 1978 साली 'इलनेस ॲज मेटाफर' लिहिलं आणि आजाराभोवती जमलेल्या रूपकांवर, विशेषतः लष्करी भाषेवर, कठोर टीका केली. रूपकांपासून जितकं मुक्त होता येईल तितकं व्हावं, असा तिचा कल होता. नंतर इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठात भाषाभ्यासक एलेना सेमिनो आणि सहकाऱ्यांनी रुग्ण, नातेवाईक आणि डॉक्टर-नर्स यांच्या बोलण्या-लिहिण्यातले सुमारे 15 लाख शब्द तपासले. लढाईची भाषा काही रुग्णांना अपराधी करत होती. आजार बळावला म्हणजे आपण पुरेसं लढलो नाही, असं त्यांना वाटत होतं. पण इतर काहींना त्याच भाषेतून बळ मिळत होतं. लढाईला पर्याय म्हणून पुष्कळदा सुचवला जाणारा 'प्रवास'ही काहींना सुसह्य वाटत होता, तर काहींना कुणी तरी बळजबरीनं गाडीत बसवल्यासारखा. या कामातून त्यांनी वेगवेगळ्या रुग्णांच्या रूपकांचा एक 'मेन्यू' तयार केला, ज्याला जे जवळचं वाटेल ते त्यानं घ्यावं म्हणून.

मला या संशोधनातली शहाणपणाची बाजू ही वाटते, की त्यांनी लढाईच्या जागी दुसरं चांगलं रूपक बसवलं नाही. सगळ्यांना चांगलं असं रूपक नसतंच. एक गृहस्थ आपल्या आजाराला 'पाहुणा' म्हणत. न बोलावता आलेला, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेला पाहुणा. त्यांच्या मुलांना ते सहन होत नसे. 'बाबा, पाहुणा काय म्हणता, त्याला हाकलायचंय आपल्याला!' मुलांच्या रागामागे प्रेम होतं आणि भीती होती. पण बाबांना पाहुण्याशी कसं वागायचं ते माहीत होतं. त्याला बसायला जागा द्यायची, पण घराची किल्ली द्यायची नाही. केमोच्या दिवशी त्याच्यासाठी उठायचं, बाकीचे दिवस आपली पेपर वाचायची वेळ सोडायची नाही. त्या माणसाच्या हातून पाहुणा काढून घेऊन तलवार दिली असती, तर तो उरलेला सगळा काळ दुसऱ्याच्या लढाईत उभा राहिला असता.

कोचिंगमध्ये दुःख नसतं, निदान तसं नाव दिलेलं नसतं. तिथे अडचण असते, उद्दिष्ट असतं, तिमाही आढावा असतो. तिथे सल्ल्याचा मोह आणखी मोठा, कारण पैसे देणारी कंपनी सल्ल्याचीच अपेक्षा करते. एका कंपनीत टीम सांभाळणारी एक तरुणी म्हणत होती, की मी टीमला नुसती ओढत नेतेय. असं ऐकलं की कामं वाटून द्यायला शिका, विश्वास टाकायला शिका, हे सांगून मोकळं होता येतं. ओढणं कशासारखं आहे, असं विचारल्यावर ती म्हणाली, "खाडीच्या चिखलात होडी रुतते ना, तसं." ती कोकणातल्या खाडीकाठच्या गावात वाढलेली. होडी ओढावी लागते त्याच्या लगेच आधी काय होतं, असं विचारलं. "ओहोटी लागते," ती म्हणाली, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत स्वतःच बोलली, "ओहोटीला कुणी ओढत नाही होडी. सहा तासांनी भरती येते. तरंगते आपोआप."

खाडीकाठच्या पोरीला हे लहानपणापासून माहीत असतं. कंपनीत ते ज्ञान आजवर कुणी मागितलं नव्हतं. मग तिनं स्वतःच मोजून काढलं, की टीम कधी रुतते: मोठं काम ग्राहकाच्या हवाली केल्यावरचा आठवडा. सगळे थकलेले असतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात पुढच्या कामाच्या बैठका लावलेल्या असतात. तिनं बैठका पुढे ढकलल्या. हा उपाय व्यवस्थापनाच्या एखाद्या पुस्तकातही सापडला असता. पण तिला तो स्वतःच्या खाडीत सापडला, आणि म्हणून तो तिनं टिकवला.

एवढं सगळं म्हटल्यावर या पद्धतीच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. वर्तन-बोध उपचारांच्या पाठीशी जितक्या मोठ्या चाचण्या आहेत, तितक्या क्लीन लँग्वेजच्या पाठीशी नाहीत. आणि काही वेळा चित्रापाशी रेंगाळणं हाच अन्याय असतो. माणूस जीव द्यायचा विचार करतोय अशी शंका आली, तर त्याला थेट विचारायला हवं: आत्महत्येचा विचार मनात येतो का? काही ठरवलंय का? तिथे 'अंधार कशा प्रकारचा' विचारत बसायचं नसतं. घरात मार खाणारी बाई 'पिंजरा' म्हणाली, तर पिंजऱ्याच्या गजांविषयी विचारण्याआधी आज रात्री ती सुरक्षित आहे का, हे विचारायचं. आणि विदर्भातला किंवा मराठवाड्यातला शेतकरी 'गळ्याशी आलंय' म्हणतो, तेव्हा त्याच्या गळ्याशी आलेलं कर्ज रूपक नसतं. त्याला आकडा असतो, व्याज असतं, हप्त्याची तारीख असते. त्याच्या मनातलं चित्र कितीही बदललं तरी सोयाबीनचा भाव बदलत नाही. माणसाची भाषा जपणं म्हणजे त्याचं वास्तव मनात ढकलून देणं नव्हे. त्याचा शब्द खरा मानायचा, याचा अर्थ तो जेव्हा कर्ज म्हणतो तेव्हा कर्जच ऐकायचं, असाही होतो.

माणसाच्या शब्दाला असा मान देण्याची जाण आता वैद्यकाच्या मुख्य प्रवाहातही आली आहे. 1981 साली मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञानं दक्षिण कर्नाटकाच्या किनारपट्टीवरच्या स्त्रियांमध्ये केलेल्या कामातून दाखवलं, की प्रत्येक समाजाकडे आपलं दुःख व्यक्त करायच्या स्वतःच्या रीती असतात, आणि त्या रीती ओळखल्याशिवाय दुःखापर्यंत पोचता येत नाही. 2013 साली आलेल्या अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत 16 प्रश्नांची एक मुलाखत दिली आहे. 'तुमच्या घरच्यांना, ओळखीच्यांना तुम्ही हा त्रास कसा सांगाल?' असं तिच्यात सुरुवातीलाच विचारायचं असतं. पुढच्या प्रश्नांत आजाराच्या नावाच्या जागी मोकळी जागा सोडलेली आहे, आणि तिथे डॉक्टरनं रुग्णाचाच शब्द घालायचा आहे. झिंबाब्वेतले मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेमध्ये दवाखान्यांच्या आवारात बाकं ठेवली आणि वस्तीतल्या आज्यांना ऐकण्याचं प्रशिक्षण दिलं. शोना भाषेत लोक आपल्या त्रासाला 'कुफुंगिसिसा', म्हणजे फार विचार करणं, म्हणतात. आज्या तोच शब्द धरून बोलतात. 'मानसिक आरोग्याचं बाक' हे नावही आज्यांच्या सांगण्यावरून बदलून 'मैत्रीचं बाक' झालं. 573 जणांवर झालेल्या या उपक्रमाच्या चाचणीचे निष्कर्ष 2016 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आले. बाकावर बोललेल्यांच्या तक्रारी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी झाल्या होत्या.

आपल्याकडे ऐकणाऱ्यांची गरज वाढत चालली आहे. शाळांमध्ये समुपदेशक नेमले जाताहेत, कंपन्या कोच बोलावताहेत. ऑक्टोबर 2022मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन करून मराठीत बोलता येतं. या सगळ्या ठिकाणी बसणाऱ्यांना आपण शिकवतो काय? बहुतेक वेळा लक्षणांची यादी, पुस्तकी मराठीत भाषांतरित केलेल्या प्रश्नावल्या आणि धीर देण्याची वाक्यं. या सगळ्याचा उपयोग आहे, मीही ते रोज वापरते. पण त्याच्या आधी एक गोष्ट शिकवायला हवी. चंद्रपूरची, मालवणची किंवा नंदुरबारची व्यक्ती आपल्या बोलीत जे बोलली, ते तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमानं तिला परत देता आलं पाहिजे. ऐकायला हे सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, की शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं वाक्य न सुधारता उच्चारणं किती जड जातं. आपली जात, आपलं शिक्षण, आपल्या शहराची बोली, या सगळ्यांना त्या क्षणी गप्प बसवावं लागतं.

ज्यांचे शब्द आयुष्यभर दुसऱ्यांनी दुरुस्त केले, अशी माणसं आपल्या समाजात फार आहेत. शाळेत त्यांची बोली दुरुस्त झाली, कचेरीत अर्जाची भाषा, दवाखान्यात दुखण्याचं नाव. मदत मागायला आल्यावर तरी त्यांचा शब्द जसा आहे तसा चालावा. तो नीट ऐकला जावा, आणि पुढचा प्रश्न त्यांच्याच शब्दातून निघावा. बरं होण्याची वाट तिथून पुढे लांबची असेल, औषधांची असेल, कर्जमुक्तीची असेल, कोर्टाची असेल. पण ती वाट आपल्या पायांनी चालायची असेल, तर तिची सुरुवात त्या माणसाच्या स्वतःच्या वाक्यापासूनच व्हायला हवी. समुपदेशक होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या धड्यातच हे शिकवलं जावं, एवढं माझं ठाम मागणं आहे.